उजवीकडची गाठ

'माझा गुरू कोणी नाही. सगळं माझं मी शिकलो,' सौरभने टाइप केलं आणि स्वतःवरच खूश झाला.

मरोळच्या त्याच्या मोटर वाइंडिंगच्या गाळ्यात टेबलावर लॅपटॉप होता, आणि शेजारी नुकतीच उघडलेली, धुळीने माखलेली एक पंपाची मोटर. घाटकोपरच्या एका सोसायटीला सात इमारतींचे पंप सांभाळायला माणूस हवा होता. सेक्रेटरी म्हणाले होते, वेबसाइट पाठवा, संध्याकाळच्या मीटिंगमध्ये बघून ठरवू. वेबसाइट सौरभने व्हिडिओ बघबघून स्वतःच बनवली. राहिलं होतं फक्त 'माझ्याविषयी'चं पान.

त्याची धाकटी बहीण अक्षता खांद्यावरून वाचत होती.

"दादा, धोंडिरामकाकांचं नाव टाक ना. दोन वर्षं त्यांच्या दुकानात होतास."

"झाडू मारायला होतो. शिकवलं काय त्यांनी? काही विचारलं की एकच, बघ आणि कर."

अक्षताने त्याला डोळ्यांनी दटावलं. धोंडिरामकाका दारातच स्टुलावर बसले होते. दुकान बंद केल्यापासून रोज दुपारी ते इथेच चहाला यायचे. डावखुऱ्या काकांनी हातातला कप तोंडाला लावला.

"बरोबर लिहितोय तो," ते म्हणाले. "माझं नाव कशाला उगाच."

सौरभला आणखी जोर आला. बोटं धावायला लागली. 'अठराव्या वर्षी पहिली मोटर एकट्याने भरली, तारेचा वेढा न् वेढा माझ्या हातचा.' त्या दिवशी काकांनी त्याला लवकर घरी पिटाळलं होतं, वार्निश मी मारतो म्हणून. एवढं फुटकळ काम काय लिहायचं, त्याने ते गाळलं. ती मोटर माहुलच्या एका चाळीच्या पंपावर बसली आणि अकरा वर्षांत एकदाही जळली नाही. आज पहिल्यांदाच उघडली, तीसुद्धा बेअरिंग बदलायला.

मग त्याला एकदम झकास शेवट सुचला. तारेची वेटोळी दोऱ्याने आवळून बांधायची असतात. त्यावर वार्निश सुकलं की गाठ जन्मभर तशीच राहते. आणि कारागिराचा हात जसा, तशी त्याची गाठ वळते.

'माझी गाठ उजवीकडे वळते,' त्याने लिहिलं. 'तीच माझी ओळख. माझ्या पहिल्या मोटरचा फोटो खाली बघा.'

काका कप विसळायला उठले. अक्षताने मोबाइलचा टॉर्च मारला. सौरभने ब्रशने अकरा वर्षांची धूळ झटकली, फोटो काढला, आणि गाठी नीट दिसताहेत ना बघायला दोन बोटांनी तो मोठा केला.

चोवीस गाठी होत्या. चोवीसच्या चोवीस डावीकडे वळलेल्या.