पिढीजात करदोडा

साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली, अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला आणि उकंडराव फुगत गेला. हाकेच्या अंतरावरच्या वावरातही तो बैलांची दमणी जुंपून जाई. आज पिढीजात चांदीचा करदोडा कमरेला पुरेना, तेव्हा त्याने सोनाराला घरी बोलावलं. "आमच्या घराण्याचं हाडच दांडगं," जिलबी चावत तो म्हणाला. "आज्यानं कड्या वाढवल्या, बापानं वाढवल्या, आता मी वाढवून राहिलो." वाती वळणाऱ्या आईने, गुंफाबाईने, नाक मुरडलं. हाड म्हणे! सासरा झोपाळ्यावरच आटोपला, नवरा पंगतीत; दोघांनीही पन्नाशी पाहिली नाही. चार पावलं चाला म्हटलं, तर दोघंही विचारायचे, मग बैल कशाला पाळले? "किती वाढवू, माय?" सोनाराने विचारलं. "वाढव लागन तितक्या. पन अडकवायचा आकडा सैल ठेवजो, सोनारभाऊ. याच्या बापाच्या मढ्यावरून काढताना माह्या अंगठ्याचं नख उपटलं होतं."