अ‍ॅम्पवर कप ठेवू नकोस

जुन्या मॉडेलचा कंपनीने नव्याने काढलेला गिटारचा अ‍ॅम्प नानांनी हौसेने घरी आणला, पण त्यातून तरुणपणीच्या त्यांच्या अ‍ॅम्पचा आवाज काही केल्या निघेना. नाना हट्टाला पेटले. व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, आतलं वायरिंग उपसून नव्याने डाग दिले. तरी दर वेळी तार छेडून म्हणायचे, “छे! ती बारीक झणझण कुठाय?”

बायको चहा घेऊन आली. टेबलभर सुटे भाग पसरलेले पाहून तिने जुन्या सवयीने कपबशी अ‍ॅम्पवर टेकवली आणि लगेच जीभ चावली. नवं लग्न झालं तेव्हा याच खोडीपायी तिने पोटभर बोलणी खाल्ली होती. ती कप उचलणार, तोच नानांनी तार छेडली. बशीत कप थरथरला, किणकिणला.

नाना ताडकन उठले. “हाच! हाच तो आवाज! खबरदार कप हलवलास तर!”

“अहो, यावरूनच तर माझ्यावर ओरडायचात!”

“गाढव होतो मी. झालं समाधान?”

“एवढ्यात कुठे?” ती हसत आत वळली. “थांबा, माझाही आणते. तेव्हा दोन असायचे.”