सव्वाचारचं भाकीत

सव्वाचार वाजून गेले आणि ज्योतिषी काही मेला नाही.

धुतलेला पांढरा सदरा घालून तो पलंगावर ताठ पडून होता. बाहेरच्या खोलीत जुनी गिऱ्हाईकं दाटीवाटीने बसली होती. आपल्या मरणाची तारीख आणि वेळ त्याने लग्नानंतर आठवड्याभरातच बायकोला सांगून टाकली होती. त्याला छत्तीस वर्षं झाली. तो दिवस आज उजाडला होता.

त्या एका भाकितावर गड्याने अख्खा संसार बसून काढला. नळ गळायला लागला, की म्हणायचा, "तूच शीक. पुढे तुला एकटीलाच निभवायचंय." फ्यूज उडाला, तरी तेच. पोरीच्या शाळेत जायचं असलं, तरी तेच. वर गिऱ्हाइकांपुढे मोठेपणाने सांगायचा, "हिला मी तयार करतोय!"

बायको आधी रडली, मग चिडली, पण शिकली. शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकली आणि बाजारात स्वतःचं दुकान थाटलं. गाडी चालवायला शिकली. सिनेमाला एकटीने जायला मात्र तिला बरीच वर्षं लागली.

सव्वाचारला तिचाही श्वास अडकला होता, खोटं कशाला सांगा. माणूस तिचाच होता. तिने त्याचा हात घट्ट धरला होता.

साडेचारला गिऱ्हाईकं चुळबुळ करू लागली. पाचपर्यंत एकेकाने काढता पाय घेतला.

ज्योतिषी उठून बसला. त्याचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू खुलला.

"अगं, वाचलो की! गणितात कुठेतरी गडबड झाली असणार. जाऊ दे. चहा टाक बघू."

बायकोने त्याचा हात सोडला. कपाटातून भरलेली बॅग काढली आणि गाडीची किल्ली घेतली.

"कुठे निघालीस?"

"दुकानावरची खोली घेतलीय भाड्याने. आजपासून तिथेच राहणार."

"वेडी की काय! ते मी गेल्यावर. मी चांगला जिवंत आहे ना!"

"जिवंत असा, सुखाने असा," ती दारातून म्हणाली. "छत्तीस वर्षं तुमच्याशिवाय जगायला शिकले. आता तुम्ही मेला नाहीत, म्हणून ते सगळं वाया घालवू होय?"