कोनाड्यातला वरवंटा

भिगवणच्या नव्या भाड्याच्या घरात तेजश्रीला आधीच्या बिऱ्हाडाची एकच वस्तू सापडली. कोनाड्यात वरवंटा होता. पाटा कुठंच नव्हता.

धुवायला म्हणून तिनं तो उचलला, तर उबदार लागला, आत्ताच कुणी कुशीतून खाली ठेवल्यासारखा. पोटातलं सात महिन्यांचं बाळ तेवढ्यात फिरलं.

"अहो, हात लावून बघा की!"

युवराज हसला. "वरवंट्याला ताप आलाय व्हय? गोळी दे त्याला."

तिनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवला, तरी गार होईना. शेजारच्या भागुबाईंनी मात्र हातसुद्धा लावला नाही.

"बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवत्यात, मग लेकरू. ह्यो कुणाच्या बारशाचा, ठावं न्हाय. कोनाड्यातच ऱ्हाऊ दे, पोरी."

तेजश्रीनं तो परत कोनाड्यात ठेवला. मग बाळ फिरलं की ती कोनाड्यात हात घालून बघायची. बाळासाठी शिवलेली कुंची तिनं एके दिवशी वरवंट्यालाच घातली.

दगडाला घातलेली कुंची बघून युवराजचं हसू मावळलं.

रविवारी तेजश्री अंगणात गहू निवडत होती. बाळ सकाळपासून लाथा मारत होतं. युवराज लुनावरून उतरला आणि त्यानं रिकामी कुंची तिच्या मांडीवर ठेवली.

"उजनीच्या पाण्यात सोडून आलो. आता डोक्यातनं काढ ते."

तेजश्रीनं पोटावर हात ठेवला. लाथ आली नाही. भर उन्हात, पदराखाली, पोट हळूहळू गार पडत चाललं होतं.