दोन बोटं मागे

धाकटीनं व्हायोलिनवर मुद्दाम बेसूर स्वर लावला. पियानोवर बसलेली ताई थांबली नाही.

हीच ताई एके काळी सूर केसभर हलला तरी झाकण आपटून विचारायची, "कान कुठे गहाण टाकलेस?" आज मात्र तिनं सोनाटाचा संथ भाग शांतपणे शेवटाला नेला. मधे दाराची घंटा वाजली, तीही तिच्या गावी नव्हती.

धाकटी पुढे आली. ओठ नीट दिसतील अशी उभी राहून म्हणाली, "तुला ऐकू येत नाही. कधीपासून?"

"झाला काही काळ."

"आणि उद्या भरल्या सभागृहात वाजवणार? मी संगीतशाळेतल्या मास्तरांना विचारते."

"विचार. मग राहायलाही त्यांच्याकडेच जा." ताईनं मऊ फडकं घेतलं आणि पियानोची समोरची काळी फळी पुसायला लागली. "मी कुठे चुकले का, तेवढं सांग."

चुकली नव्हती. कोडं तेच होतं. सोनाटात दोघींनी एकाच क्षणी उचल घ्यायची असते. ताल धरायला तिसरं कुणी नसतं. पण ताईची उचल कधी मागेपुढे झाली नव्हती. नसते सोस तेवढे जडले होते. रोज उठून ती फळी घासायची. समोर स्वरलिपीचा कागद म्हणून ठेवायचा नाही. आणि धाकटी मागे उभी राहिली, की हुकूम सुटायचा, "दोन बोटं मागे सर. हां, तिथेच."

धाकटीनं मास्तरांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मात्र तिला रात्रभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. लहानपणी दोघींनी हाच सोनाटा इथेच पहिल्यांदा वाजवला होता, तेव्हा पहिल्या रांगेत आई होती. पियानोही तोच. त्याचे सूर नीट लावून ठेवले होते. फडक्याशी मात्र त्याची कित्येक वर्षांत गाठ पडली नव्हती.

ताई बसली. तिचे हात पट्ट्यांवर गेले आणि मांडीवर परत आले. लोक खोकायला लागले. धाकटी तिच्याजवळ वाकली. ताई धुळीनं पांढुरक्या झालेल्या फळीकडे बघत होती.

"दिसत नाहीयेस गं तू," ती पुटपुटली. "पण उठायची नाही मी."

धाकटीनं व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं. तारांवरची राळ पुसायचं फडकं पेटीतून काढलं आणि लोकांकडे पाठ करून ती फळी घासत राहिली, आपला कोपर तिच्यात लख्ख दिसेपर्यंत. मग जागेवर येऊन तिनं गज उचलला, आणि कुणी न सांगता दोन बोटं मागे सरली.