सत्तावीसच्या पुढे

"एकही दिवस बुडवलेला नाहीस," कारकूनकाका म्हणाले आणि त्यांनी हजेरीपट खिडकीतून तिच्याकडे फिरवला. "मग शाळा कशाला सोडतेस?"

तिने वाकून पाहिलं. सत्तावीस नंबरच्या ओळीत ह, ह, ह. हजर, हजर, हजर. मागचे अकरा दिवससुद्धा.

त्या अकरा दिवसांत तिने शाळेत पाऊलही ठेवलं नव्हतं.

"काका, मी आले नव्हते."

"आलो होतो म्हणून भांडणारी पोरं रोज येतात. नव्हते म्हणून भांडणारी तू पहिलीच." त्यांनी दाखल्याचा फॉर्म परत सरकवला. "कारणाचा रकाना कोरा आहे. भरून आण. जरा पटेलसं लिही."

चोवीस. हजर, सर.
पंचवीस. हजर.

गोष्ट अशी होती. सात महिन्यांपूर्वी ती आणि बाबा या गावात आले. बाबा बेकरीत भट्टीवर. ती उठायच्या आत ते गेलेले असत आणि ती परतायच्या वेळी झोपलेले. दोघांचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून चाले. दूध आण. आणलं. वर्गात तिचं कुणाशी भांडण नव्हतं, मैत्रीही नव्हती. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग तिने ठरवलं, जायचंच नाही. तीन दिवस गैरहजर राहिलं की शाळेतून घरी पत्र येतं. पत्र आलं तर राहायचं. नाही आलं तर आत्याकडे, जुन्या गावी.

ती गणवेश घालून निघायची आणि गावाला गोल फेरी मारणाऱ्या बसमध्ये बसायची. पासावर कितीही फेऱ्या. संध्याकाळी पत्रपेटी उघडून बघायची. अकरा दिवस पेटी रिकामी. बाराव्या दिवशी तिने फॉर्म आणला. बाबांनी अर्धवट झोपेत सही केली. "तुला बरं वाटेल ते कर, बेटा," म्हणाले आणि कूस बदलली.

आणि आता हे ह, ह, ह.

आपण गेलो होतो की काय? तिने गणवेशाच्या खिशात हात घातला. खिशात स्पंजाचा पिवळा चुरा होता. बसची सीट फाटकी होती, फेरीत बसल्या बसल्या ती तो उकरायची. म्हणजे बसमध्येच होतो. मग वर्गात कोण होतं?

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली नाही. व्हरांड्यात, खिडकीखाली उभी राहिली. आत सर नंबर वाचत होते. त्यांची मान नेहमीच हजेरीपटात. ते मुलांकडे कधी बघतच नसत.

सव्वीस. हजर, सर.
सत्तावीस.

एक श्वास. मग "हजर". हळू, शेवटचा र गिळलेला.

तिचाच आवाज.

ती आत असेल, तर ही बाहेर कोण? तिने टाचा उंचावून डोकावलं. भिंतीकडच्या बाकावर एक किडकिडीत मुलगी तोंडासमोर वही धरून बसली होती. चाळीस नंबर. वर्ग तिला टाचणी म्हणायचा.

मधल्या सुट्टीत तिने टाचणीला नळापाशी गाठलं.

"माझ्या नंबरला तू बोलतेस?"

"मग काय भूत बोलतं?" टाचणीने चूळ भरली. "पहिल्या दिवशी फसलेच होते. सरांचं पेन थांबलं. खोकून वेळ मारून नेली. मग घरी तालीम केली. तू आधी श्वास घेतेस, मग र गिळतेस. घसा बसला माझा. एखादी गोळी तरी आणायचीस."

"तुला कुणी सांगितलं होतं?" तिचा आवाज चढला. "पत्र आलं असतं घरी!"

"तेच तर टाळलं ना!"

हिच्या कानाखाली वाजवावी की हिच्या गळ्यात पडावं, तिला कळेना.

"पण का?"

टाचणीने खांदे उडवले. "बसमध्ये आपण रुमाल टाकतो की नाही? जागा धरायला. तसंच. येशील असं वाटायचं रोज."

रात्रभर तिच्या डोक्यात रुमाल, पत्र, स्पंज यांचा काला झाला. सकाळी ती आपल्या बाकावर बसली आणि फॉर्म काढला. कारण. काय लिहायचं? कुणाला फरक पडत नाही, हे आता लिहिता येईना. दुसरं काही सुचेना.

सत्तावीस.

"हजर." हे तिचं तिनेच म्हटलं. पेन रकान्यावर टेकलेलं.

नंबर पुढे गेले. तीस. पस्तीस. एकोणचाळीस.

चाळीस.

कुणी बोललं नाही. तिने मागे पाहिलं. भिंतीकडचा बाक रिकामा होता. सरांचं पेन कागदावर टेकायला लागलं. तिने घाईघाईने आठवायचा प्रयत्न केला. टाचणी कशी म्हणते? ताठ? झटकून? 'सर' लावते की नाही? सात महिने, रोज सकाळी, आपल्यानंतर तेराव्या नंबरावर ती मुलगी हजर म्हणत आली होती. आणि सत्तावीसच्या पुढे आपण कधी ऐकलंच नव्हतं.

तिने श्वास घेतला. "हजर."

वर्गात खसखस पिकली. सरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही.

"सत्तावीस," ते म्हणाले, "इतके दिवस चाळीसने तुझा आवाज हुबेहूब काढला. तुला तिचा अजिबात जमला नाही. उद्यापासून ऐकत जा."