अंजोलोची तुतारी

अंजोलोनं आजही तुतारी क्षणभर आधीच फुंकली आणि ओर्सेत्ताचा वरचा सूर तिच्याखाली पार बुडाला.

टाळ्या मात्र कडाडल्या. सज्ज्यांतून फुलं आली. ओर्सेत्तानं हसून लवून मुजरा केला आणि पडद्याआड येताच डोक्यावरचा पिसांचा मुकुट भिरकावला.

"माझाच आवाज मला ऐकू येत नाही," ती फादर झाक्कारियांना म्हणाली. ऑपेराचं संगीत या पाद्रीबुवांचं. "दोन हिवाळे झाले. म्हातारा मुद्दाम करतोय."

"लोक खूश आहेत ना, बाई? मग कशाला उकरून काढता?" ते तिच्याकडे न बघताच म्हणाले.

ते न बघणं तिला खटकलं. पलीकडच्या थिएटरातल्या झानेत्ताचं नाव हल्ली सगळ्या व्हेनिसभर झालं होतं. पुढच्या कार्निव्हलचा करार दोघींपैकी एकीलाच मिळणार होता. त्या बयेनंच म्हाताऱ्याला फितवलं असणार.

मोलकरणीनं तर संशय पक्काच केला. अंजोलो म्हणे रोज तिला मागच्या दारी गाठून विचारायचा, बाईंना झोप लागली का, घसा कसा आहे.

"आणि तू सांगतेस?"

"सांगते की. आपुलकीनं विचारतात बिचारे."

"आपुलकी कसली, हेर आहे मेला."

वरचा सूर ओर्सेत्ता घरी कधी लावत नसे. तो रंगमंचासाठी जपायचा, ही गुरूंची शिकवण. जिवापाड जपलेलं ते धन कुणीतरी भर थिएटरात लुटतंय, या विचारानं तिचं डोकं भणाणून जाई.

तिनं थिएटरच्या मालकाला बजावलं, एक तर तो राहील, नाही तर मी. अंजोलोला काढलं.

जाताना तो टोपी हातात घेऊन तिच्या दाराशी आला. "बाईसाहेब, ते गाणं खालच्या पट्टीत घ्या. एवढं ऐका माझं."

"म्हणजे झानेत्ताचं फावेल, नाही का?" तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी करार देणारे उमराव पहिल्या सज्ज्यात येऊन बसले. गाणारीचा सूर चुकला की इथले लोक घराच्या पोकळ किल्ल्या तोंडाला लावून शिट्ट्या घालतात. ओर्सेत्तावर ती पाळी कधीच आली नव्हती. नव्या तुतारीवाल्याला तिनं त्या जागी गप्प राहायची ताकीद दिली होती. ती जागा आली. तिनं छाती भरून श्वास घेतला, मान उंचावली, तोंड उघडलं.

तुतारी गप्प होती, थिएटर गप्प होतं, आणि ओर्सेत्ताच्या घशातून नुसती हवा येत होती.